बोल्टमधलं तूप

सखाराम तुटलेली वस्तू लगेच हातात घेत नसे. आधी नुसती बघायचा. गिऱ्हाईक ती कशी तुटली ते सांगत असायचं. तो ऐकायचा, मान हलवायचा, पण भरवसा डोळ्यांवर ठेवायचा. माणूस घाईत सांगतो, कधी लाजून अर्धंच सांगतो. तुटलेली कड काही राखून ठेवत नाही, असं त्याचं मत होतं.

बंदुकांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्याची सगळी नोकरी फिटर म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर काही दिवस त्यानं आंबिवलीच्या घरातली प्रत्येक कडी, बिजागरी आणि नळ दुरुस्त केला. मग दुरुस्त करायला काही उरलं नाही आणि तो बायकोच्या, रमाबाईच्या, डब्यांची झाकणं घासायला लागला. तेव्हा तिनंच त्याला घराबाहेर काढलं. कल्याणात पारनाक्याच्या बाजूला परवानाधारक बंदुकांच्या दुरुस्तीचं एक जुनं दुकान होतं. मालक वारला होता आणि परवाना त्याच्या मुलीच्या, रुचिताच्या नावावर झाला होता. तिला कारागीर हवा होता, ह्याला काम हवं होतं. एक दिवसाआड सखाराम डबा घेऊन तिथं जायला लागला.

काम बेताचंच. शेतीच्या राखणीसाठी दिलेल्या जुन्या बंदुका, बँकेच्या दारावरच्या वॉचमनची एखादी, कधी नेमबाजी शिकणाऱ्या पोरांच्या एअर रायफली. रुचिता म्हणायची, "काका, आपलं दुकान म्हणजे म्हाताऱ्यांचा दवाखाना."

"दवाखान्यात पेशंट कण्हतो तरी," सखाराम म्हणायचा. "इथं सगळं आपणच ओळखायचं."

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एक रिक्षा दुकानासमोर थांबली. आधी एक बाई उतरली, हातात गोधडीत गुंडाळलेली लांब वस्तू. मग तिनं आतल्या माणसाला उतरवलं. माणूस हाडापेरानं मोठा, पण उजवा पाय ओढत चालणारा. उजवा हात पोटाशी धरलेला. टिटवाळ्याच्या पलीकडच्या गावातला महिपत आणि त्याची बायको रंगूबाई. महिपतनं डाव्या हातानं खिशातून परवाना काढून रुचितासमोर ठेवला आणि खुर्चीत बसला. रंगूबाई उभीच राहिली.

गोधडी सोडली. जुनी शिकारी रायफल, तीनशे पंधरा बोअरची. लाकूड नीट राखलेलं. गोळी भरायला जो उचलून मागं ओढतात तो बोल्टचा दांडा मात्र मुळापासून थोडा वर तुटलेला. दांड्याचं गोल टोक रंगूबाईनं रुमालाच्या गाठीत बांधून आणलं होतं. ती गाठ तिनं टेबलावर सोडली आणि लगेच मागं सरकली.

"कशी तुटली?" रुचितानं विचारलं.

"खुंटीवरना पडली," महिपत म्हणाला. "मी घरी नव्हतो. घोडबंदरला पोऱ्याकडं गेलेलो, डाक्टरला दाखवाला. ही होती."

"हाव," रंगूबाई म्हणाली. "पडली."

सखारामनं काही विचारलं नाही. तुटलेल्या टोकाकडे तो जरा जास्त वेळ बघत राहिला.

"परवान्याची तपासनी हाय पुढल्या महिन्यात," महिपत म्हणाला. "बोल्ट उघडून दाखवाला लागतंय. बंद रायफल नेली त ठेवून घेतील, असा सगले बोल्तान."

"दुसरा बोल्ट मिळणं कठीण," रुचिता म्हणाली. "आणि मिळाला तरी ह्या रायफलीला जुळवायचा, नंबराची भानगड. हाच जोडावा लागेल. काका?"

"जोडता येईल," सखाराम म्हणाला. "एकदाच. चुकलं तर भंगार."

महिपतनं त्याच्याकडे पाहिलं. "चुकनार का?"

"मी चुकायला बसत नाही. पण लोखंड लोखंड असतं."

"शेत नाय ऱ्हायला मिस्त्री," महिपत म्हणाला. "बिल्डिंगी झाल्या सगल्या. डुकरं बी नाय येत आता, त्यांना लिफ्ट लागंल." तो एकटाच हसला. "ही तेवरी ऱ्हायली."

ते गेल्यावर सखारामनं बोल्ट काढायला घेतला. निघेना. गंज असावा म्हणून तेल सोडलं, थांबला. पुन्हा सोडलं. दुपारी कधीतरी बोल्ट सुटून बाहेर आला आणि सखाराम टेबलाच्या दिव्याखाली वाकला. गंज नव्हताच. बोल्टच्या अंगावर, खाचेत, आतल्या नळीत तपकिरी लाल रंगाचा चिकट थर बसला होता, वाळलेल्या डिंकासारखा. त्यानं लाकडाच्या काडीनं थोडा खरवडून नाकाशी नेला. खवट तूप. त्यात हळद, कुंकू, आणि एक अख्खा तांदूळ.

"अगं, इकडे ये," त्यानं रुचिताला बोलावलं.

ती बघून हसायलाच लागली. "दसऱ्याची पूजा. बाबांच्या वेळी एकानं नळीत विड्याचं पान घालून आणलेलं."

सखाराम हसला नाही. कारखान्यातही दसऱ्याला लेथ मशिनांवर हळद-कुंकू पडायचं. तो स्वतः पूजा करणाऱ्यातला नव्हता. त्या दिवसांत त्याची दीक्षाभूमीला जायची गडबड असायची. पण परत आल्यावर मशीनच्या मापाच्या आकड्यांतून कुंकू कोरून काढायचं काम त्यालाच दिलं जाई, कारण दुसरा कुणी ते मनासारखं करत नसे. तुपाचं काय होतं ते त्याला माहीत होतं. पातळ असताना कपारीत शिरतं आणि थंडीत धरून बसतं.

मग त्यानं तुटलेलं टोक उलटं केलं. बाजूला एक चपटा पोचा होता. पोच्यात काळ्या दगडाची पूड. खुंटीवरून जमिनीवर पडलेल्या वस्तूला असा पोचा पडत नाही. हा वरून घाव मारून पडलेला होता.

सखारामच्या कामाच्या पुढच्याच दिवशी रंगूबाई एकटी आली. हातात भाजीची पिशवी, बाजारात आल्यासारखी. रुचिता बँकेत गेली होती. सखारामनं तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"दादा, मी रायफल बगाला नाय आले. ती पडली नाय. मीच मारलं."

"वरवंट्यानं."

तिनं चमकून पाहिलं. "तुमाला कनी सांगितला?"

"बसा आधी."

ती बसली आणि पिशवी मांडीवर घेऊन सगळं सांगून मोकळी झाली. दोन वर्षांमागं महिपतला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परतलं, पाय थोडा परतला, हात परतला नाही. व्यायामवाल्या बाईनं रबराचा चेंडू दिला, दाबायला. महिपतनं तो नातवाला देऊन टाकला. दवाखान्यातून घरी आल्यावर थोड्याच दिवसांत रंगूबाईनं एकदा रायफल पुसायला खाली काढली आणि सहज त्याच्या मांडीवर ठेवली. उजवा हात आपला आपण दांड्यावर गेला आणि बोटं मिटली.

"चेंडूवर नाय मिटली, यावर मिटली," ती म्हणाली. "मंग मी रोज ठेवाला लागले. सकाली आंघोल झाली का मांडीवर. हात धराचा, उचलाला बगाचा. दांडा काय उचलत नसं. घामाघूम होवाचे. मंग एक दिस बोल्ले, रंगू, हात मेला माजा, उगाच कनाला रोज मढ्याला उठवतंस. रायफल परत खुंटीवर ठेवाला लावली. तवापासून हात पोटाशी धरलाय तो धरलाय."

सखाराम ऐकत होता.

"ते पोऱ्याकडं गेले तवा मी बोल्ले, आपुन जरा ढिला करून ठेवू. येतील, उचलतील, बरं वाटंल. हातानं झाला नाय. वरवंटा घेतला. जराच मारलं, दादा."

"जराच नव्हतं."

"नाय. जरा जास्त मारलं," ती म्हणाली. "त्यांना सांगू नका. जिवापाड ठेवली त्यांनी. माज्या हातानं तुटली ह्या वयात कलला तर..."

"तूप कोण घालतं त्यात?" सखारामनं विचारलं.

तिचा चेहरा एकदम खुलला. "मीच. लगीन होऊन आले तवापासून, एक दसरा चुकला नाय. तूप, हलद, कुंकू, तांदूल. राखनीला जावाचे, डुकराचा काय नेम? पन कदी ओरखडा नाय आला त्यांना." आणि मग त्याच्या तोंडाकडे बघून, "का, दादा?"

सखारामच्या तोंडाशी आलं होतं. त्यानं ते गिळलं. "काही नाही. साफ करताना दिसलं," तो म्हणाला. आयुष्यात फार थोड्या वेळा त्यानं असं उत्तर दिलं असेल.

संध्याकाळी घरी जेवताना तो नुसताच घास मोडत बसला. रमाबाईनं दोनदा वाढलं, दोनदा पाहिलं.

"बोल्ट बिघडला का?"

"बोल्टचं जोडकाम अजून काढलंच नाही."

त्यानं सांगितलं. दांडा उचलत नव्हता तो तुपामुळे. धडधाकट माणसालाही उचलला नसता. महिपत समजला की हात मेला. वरवंटा मारला तो रंगूबाईनं, पण मारायची वेळ आणली तिच्याच पूजेनं. आणि तिला अजून त्याचा पत्ता नाही.

"मग काय करणार?"

"दुरुस्ती दिली की का तुटलं ते सांगायचं. नेहमी सांगतो."

"ह्या वेळी नका सांगू," रमाबाई म्हणाली. "बोल्ट मोकळा झालाय. तो उचलेल, त्याला वाटेल हात सुधारला. वाटू दे की. तीही सुटली, तोही सुटला."

"खोटं माप आहे ते."

"माणसाला माप नाही लावत."

सखाराम पाणी प्यायला. "पुढच्या दसऱ्याला ती पुन्हा तूप घालेल. पुन्हा आवळेल. मग तो म्हणेल, आलेला हात पुन्हा गेला. दुसऱ्यांदा गेला म्हणजे गेलाच."

 ताटं उचलताना रमाबाई म्हणाली, "तुम्ही सांगणारच. निदान कारखान्यात साहेबाला सांगायचात तसं नका सांगू. आणि बाईला आधी चहा पाजा."

जोडकाम त्यानं सकाळी काढलं, हात ताजे असताना. रुचितानं दुकानाचं पुढचं शटर अर्धं ओढलं. दांडा जोडणं अवघड नव्हतं, आच सांभाळणं अवघड होतं. बोल्टच्या अंगावर जे कान असतात ते गोळी सुटताना सगळा धक्का सोसतात. त्यांना पाणी देऊन कडक केलेलं असतं. दांड्याला जोड मारताना आच तिथवर पोचली की ते पाणी उतरतं. वरून काही दिसत नाही. दिसतं ते माणसाच्या तोंडावर रायफल फुटल्यावर.

त्यानं दोन्ही कडा घासून जुळवल्या. कानांच्या बाजूला ओल्या चिंध्या आवळल्या. वेल्डिंगचा एक टाका मारायचा, थांबायचं, बोल्टवर तळहात ठेवायचा. तळहात सुखानं टिकला तर पुढचा टाका. नाही टिकला तर चिंधी बदलायची, वाट बघायची. रुचिताला हे वाट बघणं सोसत नसे.

"काका, पंखा लावू का? लवकर गार होईल."

"लवकर गार करायचं नाही. गार होऊ द्यायचं."

दुपारपर्यंत एवढंच चाललं. मग कानस. गोल टोक जसं होतं तसं आलं, बोटाला कुठं टोचेना. जोडाची रेघ मात्र त्यानं तशीच ठेवली. रुचिता म्हणाली, "पॉलिश करून काळी केली तर कळणारही नाही." तो म्हणाला, "मालकाला कळलं पाहिजे कुठे तुटलं होतं. तिथे लक्ष ठेवील." दुसऱ्या खेपेला त्यानं कान तपासले, बोल्ट रायफलीत बसवला, रिकामाच उघडला आणि मिटला. आवाज ऐकला. पुन्हा उघडला. रुचिताला खूण केली, फोन कर म्हणून.

महिपत आणि रंगूबाई आले. सखारामनं समोरच्या टपरीवरून चहा मागवला. रंगूबाईनं कप घेतला पण प्यायली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

सखारामनं रायफल महिपतच्या मांडीवर दिली. महिपतनं डाव्या हाताच्या बोटानं जोडाची रेघ चाचपली.

"मस जोडलंस मिस्त्री."

"उजव्या हातानं उघडून बघा."

"त्या हाताचं नाव नको. मेला तो." त्यानं डावा हात दांड्याकडे नेला.

"थांबा," सखाराम म्हणाला. "आधी ऐका. बोल्ट आवळला होता. तुम्ही उचलायला बघत होता तेव्हाही आवळलेलाच होता. मला काढायला अर्धा दिवस गेला, माझे दोन्ही हात चालतात. आत तूप होतं. दसऱ्याचं. वाळून डिंक झालेलं. तुमच्या हातात किती जोर आहे ते त्या दांड्यावरून कळणारच नव्हतं."

 रंगूबाईनं कप खाली ठेवला. तिचा हात पदराकडे गेला.

"तूप," ती म्हणाली. "माजं तूप?"

सखारामला वाटलं, आपण नेहमीसारखंच सांगितलं, साहेबाला सांगितल्यासारखं.

महिपत मात्र बायकोकडे वळला होता. "दोन वर्सांत दसरा केलास तू हिचा?"

"केला."

"मी दवाखान्यात नळ्या लावून पडलेलो त्या वर्सी?"

"त्याच वर्सी नाय करनार? पोऱ्याला तुमच्यापाशी बसवला, घरी आले, पूजा केली, परत आले. जरा जास्तच घातलं त्या वर्सी."

महिपत खुर्चीत मागं टेकला. "मना वाटलं त्या वर्सी दसरा झालाच नाय. झाला असंल हे डोक्यातच नाय आलं. नायतर कललंच असतं मना. दर वर्सी मीच काढाचो ना."

"काय काढाचे?"

महिपतच्या लक्षात आलं, पण उशिरा. तो मिशीवरून हात फिरवत रुचिताकडे, मग सखारामकडे पाहू लागला. कुणी मदतीला आलं नाही.

"तूप," तो म्हणाला. "दसरा झाला का दुसऱ्या दिसी शेतावर न्यायचो. घासलेटनी धुवाचो. सगला काढाचो, तेल देवाचो, परत आनाचो."

"दर वर्सी?"

"आवलते ना गो ती. डुकर काय बोल्ट सुटेपर्यंत थांबतंय?"

"लगीन झाल्यापासून?"

"पयल्या वर्सी नाय. पयल्या वर्सी आवलली, तवा कललं."

रंगूबाई उठून उभी राहिली. "म्हंजे मी उपास धरून पूजा कराचे आनि तुमी दुसऱ्या दिसी ती घासलेटनी धुवाचे. आनि मना वाटाचं पूजेनं राखलं."

"राखलंच ना."

"घासलेटनं राखलं."

"अगो, तू पूजा कराचीस म्हनून मी धुवाचो. नायतर मी आलशी मानूस, बोल्ट कदी उघडला बी नसता. सगल्यांच्या बंदुका गंजल्या गावात, आपलीच कशी नाय गंजली?"

रुचितानं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"मना सांगाला काय झालं तुमाला?"

महिपतनं मांडीवरची रायफल सरळ केली. "सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस. मंग मी राखनीला गेलो का घरी एकटी काय करत बसली असतीस? वाटेला डोले लावून बसाचीस, ती तुपाच्या भरवशावर तरी बसाचीस."

रंगूबाई खाली बसली. भांडण संपलं नव्हतं, पण तिच्या आवाजातली धार गेली. "मी बी एक नाय सांगितलं," ती म्हणाली. "ती पडली नाय. मी वरवंट्यानं मारलं. तुमचा हात उचलावा म्हनून."

महिपत तिच्याकडे बघत राहिला. मग मांडीवरच्या रायफलीकडे. त्यानं पोटाशी धरलेला उजवा हात डाव्या हातानं सोडवला आणि दांड्यावर ठेवला. बोटं हळूहळू मिटली. रंगूबाई पुढं झुकली. सखारामनं तिच्यासमोर हात आडवा धरला.

"नाही. त्यांना करू द्या."

दांडा हलला नाही. महिपतच्या कपाळावर शीर उठली.  सखाराम त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, मनगटाकडे बघत होता. मनगट थरथरलं, आणि दांडा उचलला. पुरता नाही. अर्ध्याच्याही जरा खाली, आणि तिथून बोटं निसटली.

"नाय झाला पुरा," महिपत म्हणाला. 

"नाही झाला," सखाराम म्हणाला. "अर्धाही नाही. पण आता जेवढा झाला तेवढा तुमचाच. रोज करा. रिकाम्या रायफलीवर, घरी कुणी बाहेरचं नसताना. पुरा झाला की मला येऊन दाखवा."

"आनि तपासनीला?"

"तपासणीला डाव्या हातानं उघडा. त्यांना बोल्ट बघायचाय, हात नाही."

महिपत हसला आणि त्यानं पुन्हा दांडा धरला. पुन्हा निसटला. पुन्हा धरला. कुणी सांगायची वाट पाहिली नाही.

रंगूबाईनं डोळे पुसले आणि सखारामकडे वळली. "दादा, मंग मी आता दसऱ्याला काय करू? सुकीच ठेवू?"

हा प्रश्न सखारामला अपेक्षित नव्हता. पूजेबद्दल आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं विचारही केला नव्हता. त्यानं फडताळातून पातळ तेलाची बाटली काढली.

"हळद, कुंकू लाकडाला लावा. फूल वाहा. लोखंडाला हे. तूप नाही, तांदूळ नाही."

"तेल चालंल?"

"लोखंडाला चालेल. बाकीचं तुम्ही ठरवा."

"चालंल," महिपत खुर्चीतून म्हणाला.

"तुमाला कनी विचारला? तुमचं घासलेट बी चालाचं." तिनं बाटली घेतली. "किती घालू?"

"एक थेंब. इथं, आणि इथं." सखारामनं बोल्ट उघडून जागा दाखवल्या.

तिनं बाटली उपडी करून अनामिकेवर तेल घेतलं, कुंकू लावतात तसं, आणि जागेवर टेकवलं. तेल बोल्टवरून ओघळलं.

"जास्त झालं," सखाराम म्हणाला.

"तिला कमी घालाला नाय येत, मिस्त्री. भाजीत बी," महिपत म्हणाला.

तिनं पदर पुढं केला. सखारामनं तिच्या हातात सुती फडकं दिलं. "पदरानं नाही. ह्यानं. पूर्ण पुसा आणि पुन्हा घाला."

तिनं पुसलं. पुन्हा घातलं. पुन्हा ओघळ आला. त्यानं मान हलवली. तिनं न बोलता परत पुसलं, खाचेतनं फडक्याचं टोक फिरवलं, बोट कोरडं केलं. ह्या वेळी बाटलीच्या तोंडाला बोट नुसतं लावून काढलं, जागेवर टेकवलं आणि बाजूला झाली. सखाराम दिव्याखाली वाकला. त्यानं बराच वेळ बघितलं.

"आता दुसऱ्या जागी," तो म्हणाला.